निसर्ग म्युझियममधे रेसिडेन्सी मिळालीये, शिल्पकाराने तिथे नेमकं काय करायचं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारा मुलगा जेजे स्कूल ऑफ आर्टमधून स्कल्प्चर करून बाहेर पडलाय, आजपर्यंत फक्त माणसं केलीत, पोर्ट्रेट आणि फिगर, प्राणी कधीच नाही. त्याला मुंबईतल्या एका म्युझियमच्या निसर्ग विभागात तीन महिन्यांची रेसिडेन्सी मिळतेय, म्हणजे कलाकाराने ठराविक काळ त्या संस्थेत बसून काम करायचं, जून ते ऑगस्ट. तो विचारतोय की ताई, तिथे जाऊन वाघ, गवा, हत्ती असं काही करायचं का, रोज काय करायचं, आणि होकार द्यायच्या आधी म्युझियमकडून काय काय लिहून घ्यायचं. मी स्वतः अशा रेसिडेन्सी केल्यात आणि नंतर मुलांच्या निवडीच्या कमिटीवरही बसलेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

वाघ करू नकोस. निदान पहिला अर्धा काळ तरी नकोच. कारण काचेमागे जो वाघ उभा आहे तो आधीच कुणीतरी केलेलं शिल्प आहे. त्यातलं कातडं तेवढं वाघाचं. डोळे काचेचे, नाक आणि ओठ मेणात नाहीतर पुट्टीत घडवून रंगवलेले, जीभ बनवलेली, आणि कातड्याखाली जे अंग आहे, खांदा, पोट, मांडी, ते सगळं एका माणसाने हाताने केलेलं आहे, त्याला त्या काळी जेवढं कळलं होतं तेवढ्यात. तू त्याच्यासमोर स्टँड लावून माती घेऊन बसलास तर तू वाघाचा अभ्यास करत नाहीयेस, तू दुसऱ्या शिल्पकाराची कॉपी करतोयस आणि त्याच्या चुका पण उचलतोयस. हे एकदा डोक्यात बसलं ना की मग रेसिडेन्सीचा सगळा अर्थच बदलतो, तू प्राण्यांच्या घरात नाही, तुझ्याच धंद्यातल्या जुन्या लोकांच्या वर्कशॉपमधे शिरतोयस.

हे मी उगाच म्हणत नाहीये. टॅक्सिडर्मीत, म्हणजे मेलेल्या प्राण्याचं कातडं भरून तो जिवंत असल्यासारखा उभा करायच्या कामात, पूर्वी खरंच भुसा, गवत, चिंध्या असं कोंबून कातडं शिवायचे, म्हणून जुने प्राणी उशीसारखे फुगलेले दिसतात. ते बदललं ते कार्ल एकली नावाच्या अमेरिकन माणसाने, १८६४ चा जन्म, १९२६ मधे काँगोत वारला. तो आधी प्राण्याच्या हाडांवर मातीत पूर्ण अंग मॉडेल करायचा, स्नायू, शिरा, कातडीच्या घड्या सगळं, मग त्यावर प्लास्टरचा साचा, साच्यात कागद-जाळीचा हलका पोकळ पुतळा, आणि मग त्या पुतळ्यावर कातडं चढवायचं. म्हणजे तू जेजेमधे जे शिकलास तेच, फक्त शेवटी ब्राँझऐवजी चामडं. आणि हाच माणूस सिमेंट फवारायच्या मशीनचा, म्हणजे ज्याला आज शॉटक्रीट म्हणतात त्याचा जनक, शिकागोच्या म्युझियमची पडझड झालेली बाहेरची भिंत दुरुस्त करायला म्हणून त्याने ते शोधलं. न्यूयॉर्कच्या म्युझियममधलं आफ्रिकन प्राण्यांचं दालन त्याच्या कल्पनेतलं, ते उघडलं १९३६ मधे, तो गेल्यावर दहा वर्षांनी.

आता आपल्याकडचं. काळा घोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जे आपले आई-वडील अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्हणतात, जॉर्ज विटेटची इमारत, १९२२ मधे लोकांना खुलं झालं. त्याचा निसर्ग विभाग उभा राहिला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीने, जी १८८३ पासून मुंबईत नमुने गोळा करत होती. सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर हेच म्युझियमच्या निसर्ग विभागाचंही बघायचे आणि परदेशातल्या म्युझियममधे डायोरामा, म्हणजे काचेमागचे प्राण्यांचे देखावे, कसे करतात ते बघून इथे तसे करवून घेतले. फ्लेमिंगो, धनेश, गवा, वाघ यांचे जे देखावे तिथे आहेत त्यांच्यासमोर शाळेच्या सहलीत आपण सगळेच उभे राहिलोय. आता परत जा आणि प्राणी सोडून बाकीचं बघ. जमीन कशाची केलीये, पान कशाचं केलंय, मागचा रंगवलेला देखावा आणि पुढची खरी जमीन जिथे मिळतात तो सांधा कसा लपवलाय, लाइट कुठून येतोय, आपण उभे राहतो त्या जागेवरूनच ते बरोबर दिसतं आणि दोन पावलं डावीकडे सरकलं की का मोडतं. रिलीफ (सपाटीतून उठवलेलं शिल्प) आणि राउंड (सगळ्या बाजूंनी मोकळं शिल्प) यांच्यामधलं हे जे काम आहे ते आपल्याकडे शिल्पकलेत कुणी शिकवत नाही. तू फक्त एवढ्यावर तीन महिने काढलेस तरी मी म्हणेन रेसिडेन्सी सत्कारणी लागली.

दुसरी जागा म्हणजे ड्रॉवर. गॅलरीत असतं ते अगदी थोडं, खरा संग्रह आत असतो, आणि सोसायटीच्या फोर्टमधल्या हॉर्नबिल हाऊसमधे तर नमुन्यांचा आकडा लाखाच्या वर आहे. तिथे पक्षी उभे नसतात, पाठीवर झोपवलेले, पाय जुळवलेले, डोळ्यांत कापूस, पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. पक्षीतज्ज्ञ सालिम अली लहान होते तेव्हा मारलेली एक पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला सोसायटीत गेले होते, तिथे सोसायटीचे सेक्रेटरी मिलार्ड साहेबांनी त्यांना असेच ड्रॉवर उघडून दाखवले आणि पुढचं सगळ्यांना माहितीये. नंतर १९२६ मधे ते ह्याच प्रिन्स ऑफ वेल्सच्या निसर्ग विभागात गाइड लेक्चरर म्हणून लागले. एक लक्षात ठेव, त्या चिठ्ठीवरचं ठिकाण आणि तारीख ही पक्ष्याच्या कातड्याइतकीच, कधीकधी जास्त मोलाची असते, चिठ्ठी सुटली की नमुना शास्त्राच्या दृष्टीने जवळपास मुका झाला. म्हणून फोटो काढताना चिठ्ठी बाजूला करू का असं विचारूही नकोस. आणि ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीचं पहिल्यांदा वर्णन झालं त्याला टाइप स्पेसिमेन म्हणतात, तो तुला हातात मिळणार नाही, मागू नकोस, मागितलास तर क्युरेटर तुझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागेल आणि ते योग्यच आहे.

तू म्हणतोस प्राण्यांची अ‍ॅनाटॉमी येत नाही. येते रे तुला. माणसाचा सांगाडा तुला पाठ आहे ना, मग तोच सांगाडा ताणलेला, दाबलेला, आडवा केलेला असं बघायला शिक. माणसाच्या मानेत सात मणके, जिराफाच्या मानेत पण सातच, उंदराच्या पण सात. वटवाघळाचा पंख म्हणजे बोटं लांबवलेला पंजा. फ्लेमिंगोचा जो गुडघा उलटा वाकतो असं वाटतं तो गुडघा नाहीच, तो घोटा आहे, खरा गुडघा वर पिसांच्या आत पोटाजवळ आहे, आणि ही एक गोष्ट कळली की पक्ष्याचा उभा राहण्याचा तोल कुठून येतो ते आपोआप कळतं आणि आर्मेचर, म्हणजे मातीच्या आतला तारेचा सांगाडा, कुठे वाकवायचं तेही.

गव्याचं घे. सगळ्यांना वाटतं त्याच्या पाठीवरचा उंचवटा आपल्या बैलाच्या वशिंडासारखा मांसाचा आहे. नाही. गव्याच्या पाठीचे मणके आहेत त्यांच्यावर उभे काटे असतात, ते खांद्याजवळ प्रचंड लांब होतात आणि पाठीच्या मध्यावर एकदम संपतात, म्हणून ती कड हाडाची आहे आणि मध्येच पायरीसारखी तुटते. जुन्या स्टफ केलेल्या गव्यात ती पायरी गोलसर झालेली दिसली तर समजायचं करणाऱ्यापुढे कातडं होतं, सांगाडा नव्हता. वाघाचं उलटं. त्याचं गळ्याचं हाड अगदी छोटं, स्नायूंत तरंगणारं, खांद्याचं फावडं कशालाच हाडाने जोडलेलं नाही, म्हणून चालताना ती फावडी आळीपाळीने पाठीच्या रेषेच्या वर येतात. हे म्युझियममधल्या वाघात दिसणार नाही, हे तुला बिल्डिंगच्या खालच्या मांजरीत दिसेल, संध्याकाळी कोळणीच्या टोपलीजवळ जी दबकत येते ना तिच्यात. म्हणून रेसिडेन्सीचा दिवस सगळा म्युझियममधे घालवू नको. सकाळी राणीच्या बागेत जा (बुधवारी बंद असते), तिथे जिवंत वजन कसं हलतं ते बघ, पाणघोडा पाण्यातून बाहेर येताना कातडी कुठे लोंबते आणि कुठे ताणते ते बघ, दुपारी म्युझियममधे सांगाडा बघ. जमलं तर परळच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमी विभागाला म्युझियमच्या लेटरहेडवर पत्र टाक, ते कॉलेज १८८६ चं आहे, सांगाडे आणि नमुने बघायला परवानगी माग. ही जुनीच पद्धत आहे, पॅरिसमधे आंत्वान-लुई बारी हा शिल्पकार तिथल्या प्राणिसंग्रहालयात जायचा, मेलेल्या प्राण्यांची मापं घ्यायचा, चित्रकार देलाक्रोआ बरोबर असायचा, आणि रोदँ तरुणपणी ह्याच बारीकडे शिकायला गेलेला.

एक धनेशाबद्दल सांगते कारण मला त्याने सगळ्यात जास्त शिकवलं. मोठा धनेश, सोसायटीच्या बोधचिन्हावर आहे तोच, ह्या जातीचा विल्यम नावाचा एक पक्षी १८९४ ते १९२० सोसायटीच्या जुन्या ऑफिसात राहायचा. त्याच्या चोचीवर जे शिरस्त्राण असतं ते एवढं मोठं दिसतं की मातीत केलं की डोकं पुढे झुकतं, तोल जातो, आणि आपण पायाला आधार द्यायला लागतो. पण खऱ्यात ते आतून जवळपास पोकळ, अगदी हलकं असतं. आणि धनेशाचे मानेचे पहिले दोन मणके एकमेकांत जुळलेले असतात, डोकं पेलायला. आणखी एक, चोचीचा तो पिवळा-केशरी रंग बराचसा पक्षी स्वतः लावतो, शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल चोचीने घासून, त्यामुळे मेल्यावर तो रंग उडतो आणि म्युझियममधला धनेश फिकट असतो किंवा कुणीतरी अंदाजाने रंगवलेला असतो. तसंच फ्लेमिंगोचं, गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि उजेडाने विटतो. म्हणजे काचेमागे बघून रंग ठरवायचा नाही. फ्लेमिंगोचा रंग बघायचा तर शिवडीला नाहीतर ठाण्याच्या खाडीवर जायचं, पण ते हिवाळ्यात, तुझ्या तारखांत बहुतेक मिळणार नाहीत.

ह्या धनेशाच्या डोक्याचं मी एक मोठं मॉडेल केलं होतं, हात लावता यावा म्हणून, आणि अंध शाळेतल्या मुली आल्या होत्या. एका मुलीने शिरस्त्राणावरून हात फिरवला, वर टिचकी मारून बघितली आणि विचारलं, हे आतून भरीव आहे का पोकळ? डोळस लोकांपैकी कुणीही, अगदी आम्ही शिल्पकार पण, आधी हा प्रश्न विचारला नव्हता. माझं मॉडेल फायबरचं, आतून पोकळच, पण जाडी सगळीकडे सारखी होती, तिने लगेच सांगितलं की चोच आणि हे वरचं एकाच वजनाचं लागतंय. त्यानंतरची कास्टिंग मी वेगळी केली, चोच भरीव आणि वरचा भाग पातळ. माझं स्पष्ट मत आहे की म्युझियममधे शिल्पकाराने करण्यासारखं पहिलं काम हे आहे. तिथे सगळ्याला हात लावू नका अशी पाटी असते आणि ती असायलाच पाहिजे, पण मग हात लावण्यासारखं कुणीतरी केलं पाहिजे ना. शिंजिराची चोच हाताच्या लांबीची कर, गव्हाणी घुबडाचे दोन कान वरखाली असतात, एक उंच एक खाली, त्यावरून तो अंधारात उंदीर कुठे आहे ते ऐकतो, ते पिसं नसलेल्या डोक्यात दाखव. स्टफ केलेल्या घुबडात हे दिसूच शकत नाही, पिसांनी झाकलेलं असतं, म्हणजे इथे तुझं शिल्प त्या नमुन्यापेक्षा जास्त सांगू शकतं.

आता तब्येतीचं, आणि हे नीट वाच. जुन्या टॅक्सिडर्मीला किडीपासून वाचवायला आर्सेनिकचा साबण लावायचे, ही पद्धत विसाव्या शतकात बरीच उशिरापर्यंत चालू होती, काही ठिकाणी पाऱ्याची संयुगं आणि डीडीटी पण. ते आर्सेनिक जात नाही, पिसांत, केसांत, खालच्या धुळीत असतं. नायट्राइलचे ग्लोव्हज घालूनच हात लावायचा, जुना नमुना हलवायचा असेल तर चांगला मास्क, आणि आपली सवय असते तोंडात पेन्सिल धरायची, ब्रश ओठाने टोकदार करायचा, मातीच्या हाताने वडापाव खायचा, ती सगळी बंद. बरणीतले नमुने फॉर्मलिनमधे असतील तर झाकण उघडायला सांगू नकोस. हे कुणी तुला ओरिएंटेशनमधे सांगेल असं धरून चालू नको, पहिल्याच दिवशी तू स्वतः विचार की ह्यातलं काय विषारी आहे.

आणि उलट दिशेने, तू आत नेलेल्या सामानाचा नमुन्यांना धोका असतो तो. म्युझियमवाल्यांची खरी भीती चोर नसते, कीड असते. कातडं आणि पिसं खाणारे छोटे भुंगेरे एकदा शिरले की कपाटं खाऊन टाकतात. त्यामुळे गोणपाट, पेंढा, लाकडाची साल, खळ लावलेला पेपर मॅशे, आपल्या स्टुडिओतला जुना सोफा, काहीही न विचारता आत न्यायचं नाही. काही म्युझियम अशी वस्तू सीलबंद करून उणे २० डिग्रीला आठवडा दोन आठवडे ठेवतात आणि मगच आत घेतात, त्याचा वेळ तुझ्या प्लॅनमधे धर. कपाटाजवळ किंवा शोकेसमधे ठेवायचं काम असेल तर मटेरियल पण विचारून घे, काही लाकडं, रबर, गंधक असलेली प्लॅस्टिसिन (तेलातली माती) यातून जे वायू निघतात त्याने धातू काळे पडतात नाहीतर गंजतात, म्हणून कॉन्झर्व्हेटर, म्हणजे वस्तू जपणारे लोक, धातूच्या पट्ट्यांबरोबर ते मटेरियल २८ दिवस ६० डिग्रीला बंद ठेवून टेस्ट करतात. गंधकवाली प्लॅस्टिसिन तशीही टाळच, साच्यासाठी वापरतात ते प्लॅटिनम सिलिकॉन रबर त्यावर सेटच होत नाही, चिकट राहतं, सगळा साचा फुकट.

नमुन्यावरून थेट साचा घ्यायचा विचार मनातून काढ. हाडावर सिलिकॉन ओतलं तर तेल शोषलं जातं आणि डाग कायमचा, जुन्या हाडाचा पापुद्रा साच्याबरोबर निघू शकतो. त्यापेक्षा फोटोग्रामेट्री कर, चांगला कॅमेरा, सगळ्या बाजूंनी फोटो, प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर साठ-सत्तर टक्के चढलेला, सपाट उजेड, शेजारी स्केल ठेवलेली. त्या फोटोंवरून कॉम्प्युटरवर थ्रीडी स्कॅन तयार होतो, त्याची थ्रीडी प्रिंट काढून साचा त्या प्रिंटचा घे. पण स्कॅनवर भिस्त ठेवून मॉडेलिंग सोडू नकोस एवढं कळकळीने सांगते. कॅलिपर (जाडी मोजायचा चिमटा) घेऊन हाताने मापं घेतलीस, ओळंबा सोडून बघितलंस, की ते हाड तुझ्या हातात उतरतं, स्कॅनमधे ते फक्त फाइलमधे उतरतं. गॅलरीत स्केच करायला पेन्सिलच ने, चारकोल आणि शाई बहुतेक ठिकाणी चालत नाही.

तारखा बदलून मिळत असतील तर आधी बदलून घे, नोव्हेंबर ते जानेवारी माग. जुलैमधे मुंबईत प्लास्टर सेट होतं वीस-तीस मिनिटांत, पण वाळत नाही, आठवडे जातात, आतलं पाणी निघत नाही आणि रंग-पॉलिश धरत नाही. ओली शाडू वाळत नाही हे मॉडेलिंगला बरं, पण तीच ओल म्युझियमला नको असते, आधीच हवेत ऐंशी टक्क्यांच्या वर दमटपणा. म्हणून मातीचं काम गॅलरीबाहेर व्हरांड्यात किंवा वेगळ्या खोलीत कर. रेझिनचं काम तर आवारातच नको, त्याचा वास आणि वाफ दोन्ही वाईट, लालबाग-परळकडे गणपतीच्या कारखान्यांत फायबरचं काम करणारे कारागीर आहेत त्यांच्याकडे कास्टिंग ने, फक्त तुझे महिने म्हणजे त्यांचा ऐन सीझन, गणपती होईपर्यंत तुला कुणी उभं करणार नाही, हे आताच बोलून ठेव. आणि वजन. एक घनमीटर ओली माती जवळपास दोन टन भरते. जुन्या हेरिटेज इमारतीच्या वरच्या मजल्यावर लाइफसाइझ गवा मातीत उभा करायचा असं काही मनात असेल तर आधी लिफ्टचं दार मोज आणि जमिनीला किती भार चालतो ते लेखी विचार. मोठं करायचं तर आतून थर्माकोल कोरून वरून पातळ माती, नाहीतर मॅकेट, म्हणजे छोटं कच्चं मॉडेल, म्युझियममधे आणि एन्लार्जमेंट स्वतःच्या स्टुडिओत.

कायद्याचं एक. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो मेलेल्या प्राण्यालाही लागू होतो. रस्त्यात मिळालेलं घुबडाचं पीस, कुणाच्या आजोबांच्या घरचं हरणाचं शिंग, कासवाची पाठ, हे शिल्पात वापरायचं नाही, विकायचं तर बिलकुल नाही. हस्तिदंताबद्दल बोलायलाच नको. कलेसाठी केलं हे कारण तिथे चालत नाही. खरं मटेरियल हवंच असेल तर कोंबडीची, बदकाची पिसं, बकऱ्याची हाडं, कोळीवाड्यातून माशांचे सांगाडे घे, आणि तेही किडीचा नियम पाळून बाहेर साफ करून.

करारात काय लिहून घ्यायचं ते विचारलंस. मानधन वेगळं आणि मटेरियलचा खर्च वेगळा, दोन्ही एका आकड्यात बांधू देऊ नकोस, कारण मग कास्टिंगचा खर्च वाढला की तो तुझ्या खाण्यातून जातो. एका ठिकाणी माझं असंच झालं होतं, एकत्र रक्कम, आणि शेवटचा हप्ता कामाच्या उद्घाटनानंतर कितीतरी महिन्यांनी आला, तोपर्यंत फाउंड्रीचे पैसे मी घरातून दिले. पहिला हप्ता सुरू होताना, दुसरा मध्यावर, टीडीएस कापून हातात किती येणार ते आकड्यात. काम कुणाचं राहणार हे स्पष्ट लिही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साधारणपणे शिल्पाचा पहिला कॉपीराइट कलाकाराचा असतो पण नोकरीत केलेलं काम, सरकारसाठी केलेलं काम यात ते बदलतं, म्हणून गृहीत धरू नको. वस्तू म्युझियमची, कॉपीराइट तुझा, असं होऊ शकतं आणि बरेचदा तेच योग्य असतं. साचा कुणाकडे राहणार, किती प्रती निघणार, म्युझियमच्या दुकानात छोट्या प्रती विकल्या तर तुला काय मिळणार, हे साच्याबद्दलचं कलम सगळे विसरतात. तू काढलेले स्कॅन कोण वापरू शकतं. स्टोअरमधे जायला आठवड्यात कुठले वार, बरोबर कोण असणार, कारण त्यांच्याकडे माणसं कमी असतात आणि तुला नुसतं आत सोडता येत नाही, वार ठरले नसतील तर अर्धी रेसिडेन्सी चावी शोधण्यात जाते. आणि तुला रोज लोकांसमोर बसवून डेमो करायला लावणार असतील तर किती तास ते लिही. शाळेची मुलं समोर असताना काम करणं मला फार आवडतं, त्यांचे प्रश्न चांगले असतात, पण सहा तास डेमो देऊन कुणाचंही स्वतःचं काम होत नाही.

तिथल्या लोकांशी नातं जोड. क्युरेटरपेक्षाही जो माणूस रोज शोकेस उघडून साफ करतो, जो प्राण्यांची फाटलेली शिवण दुरुस्त करतो, त्याच्याबरोबर बस. कुठला कान मागून बदललाय, कुठल्या हरणाच्या आत लाकूड आहे आणि कुठल्यात तार, हे कागदावर नसतं, ह्या लोकांना माहिती असतं, आणि ते रिटायर झाले की गेलं. त्यांना विचारून लिहून काढ, नाव देऊन, त्यांची परवानगी घेऊन, आणि ती वही जाताना म्युझियमला दे. मला विचारशील तर तुझ्या रेसिडेन्सीचा विषयच हा ठेव, हे प्राणी कसे घडवले गेले. एखाद्या प्राण्याचा म्युझियमच्या परवानगीने जवळच्या हॉस्पिटलमधे एक्सरे काढता आला तर बघ, आतलं आर्मेचर दिसतं, खिळे, तारा, लाकडाचा पाटा, कवटी खरी आहे का घडवलेली. मग ते आतलं अंगच शिल्प म्हणून कर, कातडं न चढवलेलं. हे काम मुंबईत करण्यासारखं आहे आणि ते टॅक्सिडर्मिस्ट आणि शिल्पकार दोघांचं मिळूनच होऊ शकतं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात टॅक्सिडर्मी सेंटर आहे, तिथे आज हे काम कसं होतं ते बघायला परवानगी माग म्हणजे जुन्या आणि नव्या पद्धतीतला फरक डोळ्याने दिसेल.

सुरू करायच्या आधी दोन ठिकाणी जाऊन ये. एक सीएसएमटी, रोज लोकल पकडतोस तिथेच, पण मान वर करून, दुर्बीण असेल तर ने. १८७८ ते १८८८ मधे ती बांधली आणि त्यावरचं कोरीव काम तुझ्याच जेजेच्या मुलांच्या हातचं आहे, मोर, माकडं, साप, मुंगूस, पानांत लपलेले. ती मुलं काही नमुना समोर ठेवून गप्प बसली नाहीत, प्राण्याला दगडाच्या कोपऱ्यात बसवलंय, खांबाच्या माथ्यात वळवलंय, आणि तरी तो प्राणी ओळखू येतो. दुसरं म्हणजे अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं शिल्पालय. त्यांच्या सिमेंटमधल्या म्हशीजवळ जरा वेळ बस, कातडीखाली हाड कुठे वर येतं आणि कुठे बुडतं ते नीट बघ, म्युझियममधल्या कुठल्याही भरलेल्या प्राण्यात एवढं वजन मी पाहिलेलं नाही, आणि त्यात कातड्याचा एक तुकडाही नाही. गेटवेवरून मांडव्याला लाँच जाते, पुढे रिक्षा मिळते. पावसाळ्यात ह्या लाँच बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्या नेणारी मोठी बोट) चालू आहे का ते बघून निघ. कॅलिपर बरोबर ने, पण मापं घ्यायच्या आधी तिथल्या मंडळींना विचार.